एमजीबीचा गिअर पडेना : साताऱ्यातल्या शेडमधल्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा

गाडी आमच्या अण्णांची, म्हणजे थोरल्या काकांची. एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छपराची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, १९६५ ची, १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, चार गिअर. अण्णांनी ती पुण्यात एकाकडून सेकंडहँड घेतली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. आता त्यांचं वय झालंय, गुडघे दुखतात, म्हणून गेली चार वर्षं गाडीचं सगळं माझ्याकडं आहे. शेड शाहूपुरीत, घराच्या मागं.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर गाडी झाकूनच असते. मे महिन्यातच गिअर जड लागायला लागला होता पण म्हणलं पाऊस संपल्यावर बघू. आज पूजेला बाहेर काढायची म्हणून बॅटऱ्या चार्ज केल्या (सीटमागं सहा-सहा व्होल्टच्या दोन आहेत, आणि गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, चार्जर लावताना दोनदा बघून लावायचा), इंजिन दुसऱ्या सेल्फला चालू झालं, छान आवाज, आणि क्लच दाबून रिव्हर्स टाकायला गेलो तर खर्रर्र. परत दाबला, परत खर्रर्र. पहिलाही तसाच. शेवटी इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये ढकलत बाहेर आणली, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. अण्णा खुर्चीवर बसून बघत होते, काही बोलले नाहीत पण त्यांचा चेहरा मला दिसला. दिवाळीनंतर त्यांना यवतेश्वरला घेऊन जाणार असं मी कबूल केलेलं आहे. त्यामुळं आजपासून वहीत तारीखवार लिहून ठेवतोय, काय केलं आणि काय मोजलं ते.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज काहीच उघडलं नाही, नुसत्या टेस्ट घेतल्या. हे आधी करायचं असं मी ठरवलंच होतं कारण मागं एका गॅरेजमध्ये दाखवली होती तेव्हा त्यांनी लिव्हर दोनदा हलवून थेट सांगितलं की गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागेल. या गाडीचा गिअरबॉक्स खालून नुसता उतरत नाही, क्रॉसमेंबर आडवा येतो, इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र वरून उचलून काढावे लागतात. रेडिएटर, कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट, प्रॉपेलर शाफ्ट सगळं सुटणार. एवढं करायचं तर आधी खात्री पाहिजे.

टेस्ट एक. इंजिन बंद, क्लच दाबून चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघितले. लोण्यासारखे पडले. म्हणजे लिव्हर, सिलेक्टर, फोर्क यात काही अडकत नाहीये.

टेस्ट दोन. इंजिन चालू, न्यूट्रल, क्लच तळापर्यंत दाबून दहापर्यंत मोजलं आणि मग रिव्हर्स. खर्रर्र. रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडायच्या आधी दोन्हीकडचा वेग एक करणारी रिंग) नसतो, त्यामुळं तो सगळ्यात खरं बोलणारा गिअर आहे. क्लच नीट सुटत असेल तर दहा सेकंदात आतला शाफ्ट थांबायला पाहिजे आणि रिव्हर्स गप पडायला पाहिजे. दहा सेकंदानंतरही करकरतोय म्हणजे पेडल तळाला असूनही क्लच प्लेट फ्लायव्हीलबरोबर, म्हणजे इंजिनच्या जड चाकाबरोबर, फिरतेच आहे.

टेस्ट तीन. समोर मोकळं आहे बघून, इंजिन बंद असताना पहिला टाकला, क्लच पूर्ण दाबला आणि सेल्फ मारला. गाडी हळूच पुढं सरकली. क्लच दाबलेला असताना!

एवढ्यावर खरंतर उत्तर मिळालं होतं. पण अजून एक गोष्ट मनात होती, दुसरा गिअर मे महिन्यात चालत्या गाडीतसुद्धा अडायचा, तिसऱ्यावरून दुसऱ्यात येताना हात भरून जोर लावावा लागायचा. ते नुसत्या क्लचमुळं का अजून काही, हे कळेना. म्हणून ऑईल बघायचं ठरवलं.

२० ऑक्टोबर, रविवार

गिअरबॉक्सच्या ऑईलची डिपस्टिक या गाडीत आतमध्ये आहे, कार्पेट उचलायचं, बोगद्यावर रबरी बूच असतं ते काढायचं, त्याखाली हात घालून ती काठी ओढायची. लेव्हल बरोबर होती. पण नाकाजवळ नेली तर गंधकाचा तो ओळखीचा उग्र वास, डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या) ऑईलला येतो तसा. अण्णांना विचारलं, तर म्हणले "अरे मागं त्या दुसऱ्या मेस्त्रीनं सगळं ऑईल बदललं होतं की, नव्वद नंबर घातलं म्हणाला."

इथं थोडं लांबण लावून लिहितो कारण हा घोटाळा बऱ्याच जुन्या गाड्यांत होतो. आपल्याकडं गिअरबॉक्स म्हणलं की नव्वद नंबर, हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. पण एमजीबीच्या गिअरबॉक्सला कंपनीनं इंजिनचंच ऑईल सांगितलेलं आहे, २०डब्ल्यू-५०. पहिल्यांदा ऐकलं की वाटतं ५० पातळ आणि ९० जवळपास दुप्पट घट्ट. तसं नाहीये. इंजिन ऑईलची पट्टी वेगळी आणि गिअर ऑईलची वेगळी. १०० डिग्रीला एसएई ९० गिअर ऑईल १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप) मध्ये बसतं आणि ५० चं इंजिन ऑईल १६.३ ते २१.९ मध्ये, म्हणजे गरम झाल्यावर दोघं जवळपास सारखीच. फरक पडतो तो गार असताना, कारण साधं नव्वद सकाळी काकवीसारखं असतं, आणि दुसरा फरक त्यातल्या केमिकलचा. डिफरन्शियलसाठीच्या जीएल-५ ऑईलमध्ये गंधक-फॉस्फरसचं प्रेशर ॲडिटिव्ह भरपूर असतं. डिफरन्शियलच्या हायपॉइड (तिरक्या, घासत फिरणाऱ्या) दातांना ते पाहिजेच, पण गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना ते खातं, वर इतकं निसरडं की रिंगला पकडच मिळत नाही. सिंक्रो रिंगचं कामच मुळी घासण्यावर चालतं, ती कोनावर बसून तेलाचा थर कापते, घासून दोघांचा वेग एक करते, आणि वेग एक होईपर्यंत तिचे दात गिअर जोडणाऱ्या बाहीला पुढं जाऊ देत नाहीत. पकड नाही मिळाली की वेग एक व्हायला वेळ लागतो आणि आपल्या हाताला तेच जड लागतं.

इंजिन पंधरा मिनिटं चालवून गरम केलं, घोडीवर चढवली (नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, कितीही घाई असली तरी), ड्रेन प्लग सोडला. ऑईल काळपट, आणि बॅटरीच्या उजेडात धरलं तर त्यात सोनेरी चमक. चुंबक फिरवला, चमक चुंबकाला येत नाही, म्हणजे लोखंड नाही, पितळ. वाईट वाटलं. पण कण म्हणावेत असे नव्हते, पीठ होतं. तासभर निथळू दिलं. नवीन २०डब्ल्यू-५० डिपस्टिकच्या भोकातून नरसाळ्याला सलाईनची नळी जोडून घातलं, अडीच लिटरला थोडं वर गेलं, मॅन्युअलमध्ये २.५६ लिटर लिहिलंय त्याला जुळलं. या कामाला एकट्यानं अख्खी दुपार लागते, नळी बारीक, ऑईल जाड.

संध्याकाळी वाढे फाट्यापर्यंत जाऊन आलो. निघताना इंजिन बंद ठेवून पहिला टाकला आणि तसाच सेल्फ मारून निघालो, दुसरा मार्ग नव्हता. पण चालत्या गाडीत तिसऱ्यावरून दुसरा खूपच बरा पडला, हातातला फरक लगेच कळला. इतका आनंद झाला की मला वाटलं झालं काम. घरी आलो, शेडमध्ये लावायला रिव्हर्स टाकला. खर्रर्र.

तेव्हा म्हणजे दुखणी दोन आहेत. ऑईलचं एक होतं, ते बऱ्यापैकी गेलं. क्लचचं आहे तिथंच आहे.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आमचे नेहमीचे मेस्त्री आले. त्यांनी आयुष्यभर ॲम्बेसिडर केल्या, आणि तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि हे १७९८ चं, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीज इंजिनांमधलीच भावंडं, त्यामुळं बॉनेट उघडलं की त्यांना घरी आल्यासारखं वाटतं. ते म्हणले, "सायेब, पावसात उभी व्हती न्हवं, प्लेट चिकटली आसंल फ्लायव्हीलला. रातभर क्लच दाबून ठिवा, काठी लावा सीटला, सकाळी सुटती." हा जुना उपाय आहे आणि बऱ्याचदा लागू पडतो. करायला खर्च काहीच नाही.

काठी लावायच्या आधी म्हणलं एक माप घेऊ. या गाडीचा क्लच फ्लुइडच्या दाबावर चालतो, पेडल वरच्या मास्टर सिलेंडरमधलं फ्लुइड ढकलतं, ते पाईपमधून खालच्या स्लेव्ह सिलेंडरमध्ये जातं आणि त्याचा रॉड क्लच सोडवतो. खाली जाऊन स्लेव्हच्या रॉडवर खडूनं खूण केली, शेजारी पट्टी धरली आणि पोराला पेडल दाबायला लावलं. रॉड किती सरकतो? ८ मिमी. तीनदा मोजलं, तीनदा ८. या गाडीला क्लच पूर्ण सुटायला साधारण अर्धा इंच, म्हणजे १२-१३ मिमी लागतात. हे माप मी पहिल्याच दिवशी घ्यायला पाहिजे होतं, ऑईलच्याही आधी.

मग पेडलाकडं बघितलं तर पायाखाली काथ्याची जाड मॅट. पावसाळ्यात ओल नको म्हणून कुणीतरी घरातनंच टाकली असणार. पेडल त्या मॅटवर टेकत होतं, फरशीपर्यंत पोचतच नव्हतं. काढली, परत मोजलं, ९ मिमी. एक मिलिमीटर नुसत्या मॅटनं खाल्ला होता.

मग काठी लावली, सीटच्या रेलपासून पेडलपर्यंत, आणि रात्री आठला शेड बंद केली. मेस्त्रींना म्हणलं सकाळी फोन करतो.

२७ ऑक्टोबर, रविवार

काठी जागेवर, पेडल तळाला. पण खाली जाऊन बघतो तर स्लेव्हचा रॉड मागं आलेला! रात्री खुणेपासून ९ मिमी बाहेर होता, सकाळी ४. पेडल हललं नाही आणि रॉड निम्म्याच्या वर परत आला.

हे बघून मी बराच वेळ तिथंच खाली पडून राहिलो. फ्लुइड गेलं कुठं? खाली टिपूस नाही, स्लेव्हचं रबर कोरडं, पाईपचे जोड कोरडे, वरच्या डब्यातली लेव्हल कमी नाही. बाहेर गळत नाही म्हणजे आतल्या आतच परततंय. मास्टर सिलेंडरच्या मुख्य सीलवरून मागं जाऊन डब्यातच पडतंय. बाहेरून कितीही बघितलं तरी हे दिसलं नसतं, काठीमुळं सापडलं. मेस्त्रींना सांगितलं तर ते म्हणले, "म्हंजी प्लेट न्हवं, आपलं पाणी उतारतंय." बरोबर शब्द आहे.

प्लेट चिकटली नव्हती हेही कळलं, कारण चिकटली असती तर टेस्ट तीनमध्ये गाडी हळूच सरकली नसती, सेल्फच्या जोरानं गचका मारून पुढं गेली असती.

मास्टर सिलेंडर, होज पाईप आणि स्लेव्हचा सील किट इंग्लंडहून मागवला. या गाड्या १९६२ ते १९८० पर्यंत पाच लाखांच्या वर बनल्या त्यामुळं पार्ट अजून नवीन मिळतात, हे या गाडीचं मोठं सुख आहे. होज इथल्या हायड्रॉलिकच्या दुकानात करून घ्यावा असं एकानं सुचवलं, ते केलं नाही. जेसीबी-ट्रॅक्टरचे होज आतून नायट्राईल रबरचे असतात, मिनरल ऑईलला चालतात, ब्रेक फ्लुइडला ते रबर टिकत नाही. आणि त्याच्या बरोब्बर उलट, ब्रेक फ्लुइडचं सील पेट्रोल-रॉकेलनं धुतलं की फुगतं. या दोन गोष्टींची सरमिसळ करायची नाही.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

काम नाही. ताई आणि दाजी आले होते. जेवण झाल्यावर दाजींना गाडी बघायची हौस, ते आत बसून उगाच क्लच दाबत होते आणि मी बॉनेटवर वाकून होतो तर खाली रबरी होज पाईप दरवेळी फुगताना दिसला, सापानं उंदीर गिळल्यासारखा मधेच एक गाठ यायची आणि जायची. दाजींना म्हणलं तुम्ही दाबत राहा जरा. दहा वेळा दाबून घेतला. म्हणजे तिथंही थोडं जातंय. होज मागवलाय तेच बरं झालं.

९ नोव्हेंबर, शनिवार

पेडलच्या पिनेचा दिवस. बॉनेटखाली उजव्या बाजूला ब्रेक आणि क्लचचे मास्टर शेजारी शेजारी, त्यांच्या मागं पत्र्याचं झाकण. झाकणाचे स्क्रू गंजलेले, दोन तुटले. आत पेडलचा वरचा भाग आणि मास्टरचा पुशरॉड एका पिनेनं जोडलेले आहेत. ती पिन म्हणजे अडीच सुताची, ५/१६ इंच, ७.९ मिमी. काढली तर मधोमध खाल्लेली, कंबर झालेली, व्हर्नियर लावला तर तिथं ६.३ मिमी. आणि पेडलचं भोक गोल राहिलेलंच नाही, अंड्यासारखं लांबट झालेलं. दोन्ही मिळून पुशरॉडला जवळपास ३ मिमी मोकळा खेळ. म्हणजे पेडल वरून अर्धा-पाऊण इंच नुसतं खाली जायचं, मास्टरचा पिस्टन हलायचाच नाही.

हिशोब केला. मास्टरचा बोअर (आतला व्यास) ६ सूत, स्लेव्हचा १० सूत, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. क्षेत्रफळाचं प्रमाण म्हणजे १०० भागिले ३६, २.७८. मास्टरमध्ये पिस्टन २.७८ मिमी गेला की स्लेव्हला १ मिमी मिळतो. तीन मिमी खेळ म्हणजे स्लेव्हला १.१ मिमी तोटा. काथ्याच्या मॅटएवढाच.

अशीच एक पिन खाली स्लेव्हच्या टोकाला, फोर्कपाशी आहे. तीही घासलेली होती. पण तिथला खेळ एवढा नडत नाही, कारण स्लेव्हच्या आत स्प्रिंग असते, ती पिस्टनला कायम पुढं ढकलून तो खेळ आधीच भरून काढते. वरच्या बाजूचा खेळ मात्र प्रत्येक वेळी पाय ठेवला की वाया जातो. हे मला आधी माहीत नव्हतं, दोन्हीकडं सारखंच नुकसान असेल असं वाटायचं, कागदावर चित्र काढल्यावर कळलं.

पेडल काढून जुन्या एमआयडीसीजवळच्या लेथवाल्या काकांकडं गेलो. काका पूर्वी महाराष्ट्र स्कूटर्समध्ये होते, साताऱ्यात प्रिया स्कूटर बनायची त्या काळात. मी म्हणलं नुसता अडीच सुताचा बोल्ट घालू का, तर त्यांनी मान हलवली. "बोल्टाचे आटे भोकात आले की कानशीसारखं काम करतात बाळा, वर्षात परत अंडं होईल." त्यांनी भोक वेल्डिंगनं भरलं, घासून सपाट केलं, परत अडीच सुताचं पाडलं, आणि ईएन-८ पोलादाच्या दांडीतून दोन पिना काढून दिल्या, टोकाला स्प्लिट पिनेचं भोक पाडून. तीनशे रुपये घेतले. वर चहा त्यांनीच पाजला.

संध्याकाळी बसवलं, ग्रीस लावलं, मोजलं. १० मिमी. रिव्हर्स अजून करकरतो पण आता दहा सेकंद थांबलं तर कसाबसा पडतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी सातलाच मतदान करून आलो, पार्सल परवा आलंय त्यामुळं धीर निघत नव्हता. कस्टमची ड्युटी भरायला लागली, ती धरूनही गॅरेजवाल्यानं सांगितलेल्या आकड्याच्या जवळपाससुद्धा नाही.

जुना मास्टर काढला. बाजूच्या रंगावर ओलं फडकं पसरून ठेवलं होतं कारण ब्रेक फ्लुइडचा एक थेंब पडला तरी रंग उचलतो, आणि हा रंग अण्णांनी १९९० च्या सुमारास स्वतः उभं राहून मारून घेतलेला आहे. सिलेंडर उघडला, फ्लुइड चहासारखं लाल-तपकिरी. बोअरमध्ये बोट फिरवलं, एका जागी खरखरीत. उजेडात धरलं तर गंजाचे बारीक खड्डे, बरोबर पेडलच्या शेवटच्या टप्प्यात सील जिथं येतं तिथं. म्हणजे सुरुवातीला दाब धरायचा आणि नेमकं शेवटी, जिथं क्लच सुटायचा असतो तिथं, सोडायचा. हे फ्लुइड हवेतली ओल ओढून घेतं. साताऱ्यात चार महिने हवेत पाणीच असतं. वर्षानुवर्षं तेच फ्लुइड राहिलं की त्यात पाणी साठत जातं आणि बीड गंजतं. मी गाडी ताब्यात घेतल्यापासून इंजिन ऑईल दरवर्षी बदललं, क्लचचं फ्लुइड एकदाही नाही. ही माझी चूक आहे, मेस्त्रींची नाही आणि गाडीची तर नाहीच. इथून पुढं दर दोन वर्षांनी, पावसाळा संपला की, ब्रेकचं आणि क्लचचं दोन्ही.

नवीन मास्टर बसवला, नवीन पिन, नवी स्प्लिट पिन. जुन्या होजमधून हवा फुंकून बघितली, जाते पण अडखळत. कापून बघितलं तर आतलं रबर सुजून भोक टाचणीएवढं राहिलेलं. अंधार पडला, बाकीचं रविवारी.

२४ नोव्हेंबर, रविवार

होज बसवला, तांब्याचा नवीन वायसर लावून. स्लेव्ह दोन बोल्टवर असतो, काढला, आतला पिस्टन हवेच्या दाबानं बाहेर काढला (फडक्यात धरून, गोळीसारखा येतो). बोअर बरा निघाला, नुसत्या फ्लुइडनं धुतला, नवीन सील.

मग हवा काढणं. यात आख्खी सकाळ गेली. नेहमीसारखं पोरगं वर दाबतंय, मी खाली नट सोडतोय, "दाब, धर, सोड", असं तासभर चाललं आणि पेडल स्पंजासारखंच. कारण पाईप मास्टरपासून वळसे घेत जातो, मधे उंच जागा आहे, हवेचा बुडबुडा तिथं जाऊन बसतो, खालच्या बाजूनं यायला मागत नाही. हवा वर जाते, तिला वरच जाऊ द्यावं म्हणून उलटं केलं. जनावरांच्या डॉक्टरकडं असते ती ५० मिलीची नवीकोरी सिरिंज आणली, स्लेव्हच्या निपलला सलाईनची नळी, सिरिंजमध्ये नवीन डॉट ४ ब्रेक फ्लुइड, निपल सैल करून खालून वर हळूहळू ढकललं. वरच्या डब्यातून आधी निम्मं फ्लुइड काढून ठेवायचं नाहीतर भरून वाहतं. पेडलला कुणी हात लावायचा नाही, ते पूर्ण वर असलं तरच मास्टरमधलं बारीक भोक उघडं राहतं. पोरगं डब्यावर डोळे लावून बसलं होतं, एकदम ओरडलं "बाबा, बुडबुडे आले, खूप आले!" तीन सिरिंज गेल्यावर बुडबुडे थांबले.

पेडल दाबलं. वरूनच घट्ट. मोजलं.

१३ मिमी.

परत मोजलं. १३. इंजिन चालू केलं, क्लच दाबला, तीनपर्यंत मोजलं, रिव्हर्स टाकला. आवाजच नाही. पोरगं म्हणालं पडला का? मी म्हणलं क्लच सोडू का बघायला, आणि गाडी अलगद मागं आली.

रात्री मुद्दाम परत काठी लावली. खूण केली, पट्टी चिकटवली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसला जायच्या आधी खाली जाऊन बघितलं. १३ ला होता, १३ लाच आहे. मेस्त्रींना फोन केला. ते म्हणले "मग आता येतो चा प्यायला."

१ डिसेंबर, रविवार

कोरेगाव रोडनं चाळीसेक किलोमीटर चालवली. पहिला उभ्या गाडीत गप पडतो. सवय म्हणून आधी दुसऱ्याला टेकवून मग पहिला टाकतो, दुसऱ्याचा सिंक्रो आतला शाफ्ट थांबवतो आणि मग बिनसिंक्रोचा पहिला सहज जातो. चालत्या गाडीत पहिला टाकायचाच नाही, या गिअरबॉक्सला तो तसा बनवलेलाच नाही, १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या सगळ्याच एमजीबी अशा.

दुसरा मात्र अजून पूर्ण बरा नाही हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. वर चढताना छान, पण तिसऱ्यावरून घाईत खाली आणला तर किंचित खरखर. ती रिंग झिजलेली आहे, ऑईलमधलं सोनेरी पीठ तिचंच. डबल क्लच केलं, म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा ॲक्सिलरेटर, परत क्लच दाबून दुसरा, तर लोण्यासारखा पडतो. कधीतरी क्लच प्लेट किंवा रिलीज बेअरिंगसाठी इंजिन काढावंच लागेल, तेव्हा रिंगा बदलू. बेअरिंग कार्बनचं आहे, क्लच दाबलेला असला की घासून झिजतं, त्यामुळं सिग्नलला क्लच दाबून उभं राहायचं नाही, न्यूट्रल करून पाय काढायचा, हे पोरालाही सांगून ठेवलंय. आज फक्त रिंगेसाठी इंजिन उचलणार नाही.

गाडी परत आल्यावर गिअरबॉक्सची डिपस्टिक बघितली, लेव्हल जागेवर.

८ डिसेंबर, रविवार

अण्णांना घेऊन यवतेश्वर. सकाळी साडेसहाला निघालो, छप्पर उघडं, अण्णांनी कानटोपी आणि मफलर दोन्ही. समर्थ मंदिरापाशी चढ लागला, दुसरा टाकला. घाटात वळणावळणाला तिसरा-दुसरा, तिसरा-दुसरा, आणि प्रत्येक वेळी अण्णांचा डावा पाय त्यांच्या बाजूच्या फरशीवर माझ्याबरोबर दाबला जात होता. दोनदा दाबत होते, डबल क्लच. मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. वर थांबून धुक्यातला अजिंक्यतारा बघितला, चहा घेतला. येताना सपाट रस्ता लागल्यावर मी उतरलो आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. "अरे गुडघा…" म्हणले, मग बसले. "क्लच हलका केलास का रे?" मी म्हणलं नाही अण्णा, तोच आहे, नुसता वाया जात होता तेवढा परत आणला. घरापर्यंत त्यांनीच आणली, आणि शेडमध्ये रिव्हर्स लावून एका झटक्यात आत घेतली.

घाटातून आल्यावर गरम असताना रॉडचा प्रवास १२.५ मिमी, दुपारी गार झाल्यावर १३. होजचे जोड कोरडे. झाकणाचे तुटलेले दोन स्क्रू अजून ड्रिल करून काढायचे राहिलेत, आणि काथ्याची मॅट बाथरूमच्या दारात टाकली आहे.